आकड्यांपाशी अडणारी मुले आणि नवी साधने

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त नौबाद येथे दिलेले भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानाला साहित्याचा, इतिहासाचा किंवा संतवाङ्मयाचा विषय घ्यावा, अशी आपल्याकडची रीत आहे. ती मोडून मी आज गणिताचा विषय निवडला आहे. आणि तोही गणितात पारंगत असणाऱ्यांचा नव्हे, तर ज्यांना गणित काही केल्या जमत नाही अशा मुलांचा. ही मुले नव्या साधनांच्या, म्हणजे संगणक, मोबाईल, कॅल्क्युलेटर यांच्या आधारे कशी शिकतात, कोठपर्यंत शिकू शकतात, आणि त्यात आपल्यासारख्या ग्रंथालयाचा काय वाटा असू शकतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

गणिताला हा मुलूख परका नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या राजवटीत महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. बीदर शहरात महमूद गवानाने १४७२ साली उभारलेल्या मदरशाचे भग्न वैभव आपण येताजाता पाहतो. तेथे मोठा ग्रंथसंग्रह होता. आणि या नौबादच्या जमिनीखालून जाणारी बहामनी काळातली कारेझ तर आपल्या पायाखालीच आहे. भुयाराचा उतार नेमका साधला नसता, तर त्यातून पाणी वाहिलेच नसते. आकड्यांचा असा मान राखणाऱ्या प्रदेशात, आकड्यांपाशी अडणाऱ्या मुलाला मात्र आपण एका अक्षरात निकालात काढतो. ते अक्षर म्हणजे 'ढ'. हे अक्षर किती मुलांच्या बाबतीत चुकीचे ठरते, याचा विचार व्हावा म्हणून हे भाषण.

पाचवीतील एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती गोष्ट छान सांगते, गाणे एकदा ऐकून म्हणते, वाचनही बरे आहे. पण टेबलावर चार चिंचोके ठेवले, तर आपल्याला जसे न मोजता 'चार' दिसतात, तसे तिला दिसत नाहीत. ती बोट लावून एकेक मोजते. सात मोठे की नऊ, यावर तिला थांबावे लागते. रात्री पाठ झालेला सहाचा पाढा सकाळी पुसलेला असतो. वजाबाकीत उसने घ्यायचे ते कोठून घ्यायचे, हे दर वेळी नव्याने विचारावे लागते. घड्याळ वाचता येत नाही. दुकानदाराने परत दिलेली मोड बरोबर आहे का, हे ती पाहत नाही. मुकाट्याने मुठीत धरते. घरचे म्हणतात, लक्ष नाही. शाळेत म्हणतात, आळशी आहे. काही दिवसांनी ती स्वतःही तसेच म्हणू लागते, आणि माझ्या मते खरे नुकसान येथे सुरू होते.

या अवस्थेला शास्त्रीय परिभाषेत 'डिस्कॅल्क्युलिया' म्हणतात. आपण गणन-अक्षमता म्हणू. मेंदूला इजा झाल्यावर प्रौढ माणसाची आकडेमोडीची शक्ती नाहीशी होऊ शकते, हे वैद्यकाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ठाऊक होते. परंतु कसलीही इजा नसलेल्या आणि इतर बाबतींत चलाख असलेल्या मुलांतही ही उणीव उपजत असू शकते, हा विचार ब्रातिस्लाव्हाचे मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात व्यवस्थित मांडला. त्यानंतर फ्रान्समधील स्तानिस्लास देहान यांचे १९९७ सालचे आणि इंग्लंडमधील ब्रायन बटरवर्थ यांचे १९९९ सालचे पुस्तक यांनी हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. राशीची जाण, म्हणजे 'किती' हे कळण्याची शक्ती, मेंदूच्या वरच्या मागील भागातील एका विशिष्ट घडीशी जोडलेली आहे, आणि या मुलांत तेथील कार्य वेगळे आढळते, असे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आले आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत अशा मुलांचे प्रमाण शंभरात साधारण तीन ते सात आढळते. चाळीस मुलांच्या वर्गात एक किंवा दोन. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असे कोणीतरी होते. त्याचे पुढे काय झाले, हे आठवून पाहावे.

येथे एक सावधगिरी हवी. गणित न येणारे प्रत्येक मूल या प्रकारात मोडत नाही. शाळा बुडाली, पाया कच्चा राहिला, चष्मा हवा होता तो मिळाला नाही, अशी अनेक कारणे असतात. आणि आपल्या सीमाभागात एक कारण विशेष आहे. ते म्हणजे भाषा.

मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच उच्चारतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहितो आणि मग पाच. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु': आधी वीस, मग पाच, जसे बोलणे तसे लिहिणे. मराठीत 'एकोणचाळीस' म्हणजे चाळिसाला एक उणा. कन्नडमध्ये त्याच संख्येला 'मूवत्तोंबत्तु', तीस आणि नऊ. शेजारची दखनी उर्दू पुन्हा मराठीच्या वळणाची. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, अशा तीन बोलींत वाढणाऱ्या मुलाने 'पंचवीस' ऐकून बावन्न लिहिले, तर तो मेंदूचा दोष नव्हे; त्याने जे कानाने ऐकले तेच क्रमाने लिहिले. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात, आणि तेथील मुलांच्या अशाच उलट्या लेखनाचा अभ्यास झालेला आहे. त्यात लिपीची भर: मराठी पुस्तकात देवनागरी अंक, मोबाईलवर इंग्रजी अंक, फलकांवर कधी कन्नड अंक. देवनागरी चार आणि इंग्रजी आठ यांचे वळण किती सारखे आहे, हे एकदा मुलाच्या नजरेने पाहावे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला २०१९ साली तोंड फुटले होते. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यानामे देण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की, जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमाची ही नावे लहान मुलांना जड जातात आणि त्यामुळे गणिताची धास्ती बसते. त्यावर मोठे वादळ उठले, विधिमंडळातही चर्चा झाली, विनोदही पुष्कळ झाले. भाषा बिघडेल ही भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. संख्यानामे हा भाषेचा ठेवा आहे आणि 'एकोणपन्नास' हा शब्द मुलांच्या तोंडून जाऊ नये, असे मलाही वाटते. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला पडला. ज्या मुलाला राशीच दिसत नाही, त्याला नावाचाही आधार मिळत नसेल, तर त्याने पकडावे काय? मंगलाताई २०२३ साली गेल्या. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र आपल्या भागात, जेथे दोन्ही पद्धती एकाच घरात नांदतात, अधिकच जिवंत आहे.

आता साधनांकडे येऊ. संख्येची तीन रूपे असतात: प्रत्यक्ष राशी, तिचे नाव आणि तिचा लिहिलेला अंक. बहुतेक मुलांच्या मनात ही तीन रूपे आपोआप एकत्र गुंफली जातात. गणन-अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत ती सुटी राहतात. साधन जुने असो वा नवे, ही तीन रूपे पुन:पुन्हा एकत्र आणून दाखवते की नाही, ही त्याची एकमेव कसोटी आहे. चिंचोके, काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे, मण्यांची चौकट ही त्या कसोटीला उतरणारी जुनी साधने होत. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांचा अभिमान आपण सांगतो तो योग्यच आहे. पण पाठांतराची ती परंपरा ज्याची अंकस्मृतीच दुबळी आहे त्याला तारू शकत नाही. त्याला आधी राशी दिसली पाहिजे.

नव्या साधनांनी यात कोणती भर घातली? पहिली भर वेळ मोजण्याची. सात ठिपके पाहून मूल 'सात' म्हणते, हे शिक्षकाला दिसते. पण ते ओळखून म्हणते की भराभर मोजून म्हणते, हा फरक सेकंदाच्या अंशात असतो. बटरवर्थ यांनी २००३ साली तयार केलेली संगणकीय चाचणी याच अंशांची नोंद घेते. कारेझच्या वाटेवर ठरावीक अंतराने जशा विहिरी खोदलेल्या आहेत आणि त्यांतून खालचे वाहते पाणी दिसते, तशी ही नोंद आहे. पाणी कोठे अडले, ते वरून समजते.

दुसरी भर म्हणजे मुलाच्या पायरीप्रमाणे बदलण्याची शक्ती. देहान आणि त्यांच्या सहकारी ॲना विल्सन यांनी २००६ साली 'नंबर रेस' नावाचा संगणकावरचा खेळ जगापुढे ठेवला. तो विनामूल्य आहे. दोन ढीग दिसतात, मोठा कोणता ते ओळखायचे आणि तेवढी घरे आपली सोंगटी पुढे न्यायची. मूल चुकू लागले की दोन ढिगांतला फरक वाढतो आणि ओळखणे सोपे होते. ते जिंकू लागले की फरक कमी होतो. चारांतली साधारण तीन उत्तरे बरोबर यावीत, असा त्याचा बेत असतो. वर्षानुवर्षे लाल शेरे पाहिलेल्या मुलाला चारांत तीन वेळा बरोबर येण्याचे महत्त्व किती असेल, हे मी सांगायला नको.

स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असाच आहे. पडद्यावर शून्यापासून शंभरापर्यंतची संख्यारेषा असते, तिच्यावर फक्त टोके दाखविलेली असतात. मुलाने दिलेल्या संख्येच्या जागी यान उतरवायचे. आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी घरी रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे हे केले. त्यांची संख्यारेषेवरची समज सुधारली, बेरीज-वजाबाकीही सुधारली, आणि मेंदूच्या प्रतिमांतही फरक दिसला. आकडा मोठा नाही, मुले थोडीच होती. तरी रोजची पंधरा मिनिटे हे प्रमाण आपण लक्षात ठेवू. ते मला पुढे लागणार आहे.

आपल्या देशातला अनुभवही पाहू. दिल्लीत २०१५ साली सरकारी शाळांतील सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना शाळेनंतर 'माइंडस्पार्क' या संगणक-कार्यक्रमावर अभ्यास देण्यात आला. ही मुले गणन-अक्षमतेची म्हणून निवडलेली नव्हती, सर्वसाधारण होती. असे आढळले की त्यांतली पुष्कळ मुले आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती. वर्गातला पाठ त्यांच्या डोक्यावरून जात होता. कार्यक्रमाने मात्र जेथे ती होती तेथूनच सुरुवात केली, आणि साडेचार महिन्यांत त्यांच्या गणितात लक्षणीय प्रगती झाली. आपल्या राज्यात बंगळूरच्या अक्षरा फाउंडेशनने शासनाच्या सहकार्याने 'गणित कलिका आंदोलन' चालवून हजारो सरकारी शाळांत मणी, ठोकळे, अपूर्णांकाच्या पट्ट्या यांचा संच पोहोचविला. त्याच संस्थेचा 'बिल्डिंग ब्लॉक्स' हा मोबाईलवरचा कार्यक्रम विनामूल्य आहे आणि साध्या, स्वस्त मोबाईलवरही चालतो. ठोकळा आधी हातात, नंतर पडद्यावर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मोठ्या मुलांची गरज निराळी असते. आठवी-नववीतील मुलाला ठिपक्यांचे खेळ देणे त्याला लाजिरवाणे वाटते. त्याला दुसऱ्या प्रकारची मदत हवी. शाब्दिक उदाहरण मोबाईलने मोठ्याने वाचून दाखविले, मराठीत किंवा कन्नडमध्ये, तर त्याचे लक्ष अर्थावर राहते. ज्या कॅल्क्युलेटरवर सगळी मांडणी एका ओळीत दिसत राहते, त्यावर आपण काय दाबले हे त्याला तपासता येते. चौकटीच्या वहीत एकक एककाखाली आणि दशक दशकाखाली राहतो. तेच काम पडद्यावरचे तक्ते करतात. 'जिओजेब्रा' या विनामूल्य कार्यक्रमात त्रिकोणाचा कोपरा बोटाने ओढला की कोन बदलताना दिसतो; सूत्र पाठ नसले तरी नाते डोळ्यांना कळते. अशा मुलांपैकी काहींची भूमिती चांगली असते, आणि ती आकडेमोडीखाली गाडली गेलेली असते.

येथे हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो: कॅल्क्युलेटर दिला तर मूल पांगळे होणार नाही का? ज्याला आकडेमोड शिकता येते, त्याच्या हाती तो लवकर देऊ नये, हे मान्य. पण दहा वर्षे प्रयत्न करूनही ज्याच्या स्मरणात सात आठे छप्पन्न राहत नाही, त्याला टक्केवारी, व्याज, सरासरी या कल्पना समजूच द्यायच्या नाहीत का? चष्मा लावणाऱ्याला आपण डोळ्यांचा आळशी म्हणत नाही. मात्र कॅल्क्युलेटरबरोबर एक सवय शिकवावीच लागते, ती अंदाजाची. उत्तर शेकड्यात येईल की हजारात, हे बटन दाबण्यापूर्वी सांगायचे. तो अंदाज संख्यारेषेवरूनच येतो. म्हणून लहानपणीचा तो खेळ आणि मोठेपणीचा हा कॅल्क्युलेटर एकाच शिक्षणाचे दोन भाग आहेत.

कायद्यानेही ही दृष्टी हळूहळू स्वीकारली आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ मिळाला. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि एक कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभाही मिळाली. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अध्ययन-अक्षमता चिकित्सालयाने तपासणीचे मोठे काम केले. देशाच्या पातळीवर मात्र १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ही अक्षमता नव्हती. ती आली २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात. त्यातील विशिष्ट अध्ययन-अक्षमतेच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलियाचा नावाने उल्लेख आहे. २००७ साली आलेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने वाचनाची अडचण घरोघर पोहोचविली. आकड्यांच्या अडचणीला तसा चित्रपट लाभलेला नाही, म्हणून ती अजून 'दुर्लक्ष' आणि 'आळस' याच नावांनी ओळखली जाते.

कायदा झाला, पण अंतर उरले. निदानासाठी आपल्या राज्यातील सर्वांत नावाजलेली संस्था म्हणजे बंगळूरची निम्हान्स. ती येथून सुमारे सातशे किलोमीटर. एका मुलाची मजुरी करणारी आई किती वेळा एवढा प्रवास करील? शाळेत प्राथमिक चाळणी करण्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली 'प्रशस्त' हा मोबाईल कार्यक्रम शिक्षकांना उपलब्ध करून दिला आहे. त्यावरून निदान होत नाही, तो उद्देशही नाही. पण कोणत्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे, एवढे त्यावरून ठरते. दाखला मिळेपर्यंत मदत थांबविण्याचे मात्र कारण नाही. मणी आणि संख्यारेषा द्यायला दाखला लागत नाही.

आता नव्या साधनांच्या उण्या बाजू. त्या न सांगता गेलो तर मी विक्रेता ठरेन. पहिली गोष्ट, संगणकावर शिकलेले सगळे वहीवर उतरतेच असे नाही. 'नंबर रेस'चा फिनलंडमध्ये अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तेथे मुलांची लहान-मोठे ओळखण्याची शक्ती सुधारली, पण इतर गणित तितके सुधारले नाही. म्हणजे खेळाला माणसाची जोड लागतेच. दुसरी गोष्ट, बाजारात मिळणारे पुष्कळसे कार्यक्रम घड्याळ लावून, गुण मोजून, क्रमांक देऊन चालतात. ज्या मुलाची अडचणच संथपणाची आहे, त्याच्यापुढे पळते घड्याळ ठेवणे म्हणजे जखमेवर मीठ. अशा वेळी मूल विचार सोडून देते आणि भराभर कोठेही बोट लावत सुटते. तिसरी गोष्ट, साधन आपल्या भाषेत बोलले पाहिजे. मराठी घरातल्या मुलीला 'थर्टी नाईन' असे चौथे नाव ऐकवून तिच्या डोक्यातला गोंधळ वाढवू नये.

चौथी गोष्ट अगदी रोजची आहे. २०१६ पासून मोबाईलवरून पैसे देण्याची पद्धत आली आणि आता भाजीच्या गाडीवरही ती दिसते. मोड मोजण्याच्या लाजेतून या मुलांची त्यामुळे सुटका झाली, हे मोठेच काम झाले. दुकानातला डबा रक्कम मोठ्याने बोलतो, तोही त्यांना उपकारक. पण एक शून्य जास्त दाबले तर पन्नासाचे पाचशे होतात, आणि ज्याला पन्नास आणि पाचशे यांतले अंतर जाणवत नाही, त्याला ते पटकन कळत नाही. साधनाने सोय होते. राशीची जाण मात्र शिकवूनच येते.

म्हणून या भाषणाचे सार एका वाक्यात सांगतो. पडद्याजवळ शांतपणे बसणारे माणूस असेल, तरच पडदा या मुलांच्या कामी येतो. आणि असे माणूस व अशी शांतता कोठे मिळेल, याचा शोध घेत मी आपल्या ग्रंथालयापाशी येऊन थांबतो.

शाळेत घंटा असते, इयत्ता असते, गुणपत्रक असते. ग्रंथालयात यांतले काहीच नाही. येथे कोणी कोणाला 'तू किती पाने वाचलीस' असे विचारून रांगेत उभे करीत नाही. एकच पुस्तक दहा वेळा नेले तरी ग्रंथपाल नोंद करतात आणि देतात. दहा वेळा तेच करण्याची मुभा ही या मुलांची सर्वांत मोठी गरज आहे, आणि ती देण्याची सवय या संस्थेला शंभर वर्षांची आहे. ज्या काळात निजामाच्या राज्यात शिक्षण आणि कारभार उर्दूतून चालत होता, त्या काळात आपल्या वडीलधाऱ्यांना आपल्या भाषेत वाचण्यासाठी एक जागा हवी होती. आज काही मुलांना आपल्या गतीने मोजण्यासाठी एक जागा हवी आहे. दोन्ही मागण्या एकाच जातीच्या आहेत, असे मला वाटते.

माझी सूचना खर्चाची नाही. बालविभागात एक टेबल. त्यावर मण्यांची चौकट, चौकटीच्या वह्या, दहाचे ठोकळे आणि एखाद्या सभासदाने वापरून बाजूला ठेवलेला, पण चालू स्थितीतला टॅबलेट. त्यात दोन-तीनच कार्यक्रम, जाहिराती नसलेले आणि घड्याळ बंद करता येणारे. आठवड्यातून पाच दिवस, पंधरा मिनिटे. ते प्रमाण मी झुरिककडून उसने घेतले आहे. शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षिका किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी. त्याने शिकविण्यापेक्षा विचारावे: 'हे तुला कसे कळले?' आपल्या ज्येष्ठ सभासदांनी एक ते शंभर संख्या मराठीत आणि कन्नडमध्ये सावकाश म्हणाव्यात आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. अंक, ठिपके आणि दोन्ही नावे एकाच वेळी दिसतील-ऐकू येतील अशी चित्रे तयार करणे येथील अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला अवघड नाही. नोंदवहीत गुण लिहू नयेत. मूल आले, बसले आणि हसत गेले, एवढे पुरे.

आणि एक साधन तर आपल्याजवळ पहिल्यापासून आहे. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर दाखल क्रमांक असतो. परत आलेली पाच पुस्तके मुलाच्या हाती द्यावीत आणि ती जागच्या जागी लावायला सांगावे. दोनशे अडतिसावे पुस्तक दोनशे छत्तीस आणि दोनशे एक्केचाळीस यांच्या मध्ये कोठे बसते, हे ते शोधील. चुकले तर पुस्तक फक्त चुकीच्या जागी उभे राहील, कोणी रागावणार नाही. आपले हे फडताळ म्हणजे लाकडाची, हाताला लागणारी संख्यारेषाच आहे. झुरिकच्या मुलांनी पडद्यावर यान उतरविले. आपली मुले येथे पुस्तक उतरवतील, आणि कधीतरी ते उघडूनही पाहतील.

अशी मुले पुढे गणितज्ञ होतील, असे आश्वासन मी देत नाही. त्यांना दहावीची पायरी ओलांडता यावी, पगार आणि व्याज समजावे, औषधाची मात्रा चुकू नये, आणि कोणी फसविले तर ते कळावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. संसाराला लागणारे गणित एवढेच असते, आणि तेही नाकारले गेले तर माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.

शंभर वर्षे या संस्थेने अक्षरांची सेवा केली. दुसऱ्या शतकात तिच्या दारात अंकांनाही जागा मिळावी, आणि आजवर 'ढ' म्हणून मागे बसविलेले एखादे मूल तिच्या टेबलाशी निर्धास्त बसलेले दिसावे, अशी इच्छा व्यक्त करतो.